‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस

पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर आलो तेव्हा मी स्वतःला नास्तिक म्हणवून घ्यायचो. गणपतीच्या आरतीला सगळी विंग खाली जमायची आणि मी मुद्दाम रूममध्ये बसून राहायचो. खरं सांगायचं तर त्यात विचार कमी आणि शायनिंगच जास्त होती. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आजोबा गेले. तेरावं झालं, पाहुणे परतले, आणि एका संध्याकाळी आजीने मला जवळ बसवून विचारलं, की आबा आता कुठे असतील रे? एवढा शिकतोयस, तुला काय वाटतं? हॉस्टेलवरचं ठरलेलं उत्तर तोंडातून निघेना. आणि ते वरून आपल्याला बघतायत असं सांगायलाही जीभ वळेना. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची नंतर फार लाज वाटली.

कॉलेजला परत आल्यावर सबमिशनच्या धामधुमीत लायब्ररीत थॉमस हेन्री हक्स्लेविषयीचं एक पुस्तक हाती लागलं. आपण ज्याला अज्ञेयवादी म्हणतो, त्यासाठीचा ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द याच माणसाने बनवला. नास्तिक आणि अज्ञेयवादी यांतला फरक मला व्याख्येवरून कधी कळला नव्हता, तो या माणसाच्या आयुष्यावरून कळला. म्हणून हा लेखप्रपंच.

हक्स्लेचा जन्म ४ मे १८२५ चा, लंडनजवळच्या ईलिंग गावातला. वडील शाळेत गणित शिकवायचे, पण पोराच्या वाट्याला शाळा आली जेमतेम दोन वर्षं. बाकी सगळं शिक्षण स्वतःचं स्वतः, जर्मन भाषासुद्धा. आणि गंमत ऐका, त्याला व्हायचं होतं मेकॅनिकल इंजिनिअर! ते जमलं नाही, परिस्थितीने त्याला डॉक्टरीकडे ढकललं. पण तिथेही त्याची नजर आपल्या जातीचीच राहिली. सजीवाचं शरीर हे एक यंत्र आहे आणि त्याची रचना उलगडायची, एवढाच त्याला रस. स्कॉलरशिपवर चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये शिकत असताना, १८४५ मध्ये, त्याने केसाच्या मुळाभोवतीचा एक थर शोधला. तो आजही हक्स्लेचा थर म्हणून ओळखला जातो. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. म्हणजे आपण केटी सोडवत असतो त्या वयात!

१८४६ मध्ये तो रॅटलस्नेक या नौदलाच्या जहाजावर असिस्टंट सर्जन म्हणून ऑस्ट्रेलियाकडे निघाला. चार वर्षांच्या त्या सफरीत त्याने जेलीफिश आणि तत्सम समुद्री प्राण्यांचा अभ्यास केला, आणि सव्विसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. याच प्रवासात सिडनीला हेन्रिएटा हीथॉर्नशी ओळख झाली, लग्न ठरलं, पण पक्की नोकरी नव्हती. ती मिळून लग्न व्हायला १८५५ साल उजाडलं. नोकरी कुठली, तर लंडनच्या खाणकामाच्या कॉलेजात, रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये, निसर्गविज्ञान शिकवण्याची. कामगारांसाठीही तो व्याख्यानं द्यायचा.

१८५९ मध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला आणि हक्स्ले त्याच्या बाजूने मैदानात उतरला. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्सशी झालेल्या त्याच्या खडाजंगीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या सभेचा शब्दशः वृत्तांत मात्र कोणी लिहून ठेवलेला नाही, त्यामुळे फिरणाऱ्या डायलॉगवर फार विसंबू नये. असो.

मला थांबवलं ते त्यानंतरच्या घटनेने. ऑक्सफर्डनंतर अडीच महिन्यांनी, १५ सप्टेंबर १८६० ला, हक्स्लेचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरने गेला. त्याला चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. दोन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. चार्ल्स किंग्जली नावाच्या धर्मगुरू-लेखकाने त्याला सांत्वनाचं पत्र लिहिलं. आत्मा अमर आहे, हा दिलासा त्यात होता. अशा वेळी कोणीही तो दिलासा घेतला असता, आणि घेतला म्हणून त्याला कोणी नावंही ठेवली नसती. हक्स्लेने लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा, की आत्म्याचं अमरत्व मी नाकारत नाही आणि मान्यही करत नाही. ते मानायला माझ्याकडे कारण नाही आणि ते खोटं ठरवायला साधनही नाही. उलट एखादी गोष्ट खरी असावी असं मला जितकं तीव्रतेने वाटतं, तितका तिचा पुरावा मी कडक तपासला पाहिजे.

अंत्यविधीच्या वेळी धर्मग्रंथातला जो भाग वाचला गेला, त्यात असं होतं की मेलेले पुन्हा उठणार नसतील तर मग खा, प्या, उद्या मरायचंच आहे. हे ऐकून त्याला धक्काच बसला. पिल्लू गेल्यावर जनावरसुद्धा शोक करतं, मग माणसाचं प्रेम आणि चांगुलपणा काय फक्त परलोकाच्या हमीवर उभा आहे, असं त्याला वाटलं.

हे वाचताना मला पहिल्या वर्षाची फिजिक्स लॅब आठवली. ग्राफ सरळ रेषेत यायला हवा म्हणून मधलं एक रीडिंग आपण हळूच खोडरबराने ‘ॲडजस्ट’ करतो की नाही? (सरांनी हे वाचू नये!) हक्स्लेने स्वतःच्या मुलाच्या मृत्यूसमोरही रीडिंग ॲडजस्ट केलं नाही. आहे या बाजूलाही नाही, आणि नाही या बाजूलाही नाही.

शब्द आला नऊ वर्षांनी. १८६९ मध्ये लंडनला मेटॅफिजिकल सोसायटी स्थापन झाली. कवी टेनिसन, आर्चबिशप मॅनिंग अशी मोठमोठी मंडळी तिथे होती आणि बहुतेक प्रत्येकाच्या विचाराला काहीतरी नाव होतं. हक्स्लेकडेच लेबल नव्हतं, म्हणून त्याने एक बनवलं. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळात ‘नॉस्टिक’ नावाचे पंथ होते, आपल्याला गूढ ज्ञान झालंय असं सांगणारे. त्याला ग्रीकमधला नकाराचा ‘अ’ जोडला, झाला ॲग्नॉस्टिक. ग्रीक ‘ग्नोसिस’ आणि आपला ‘ज्ञान’ हे एकाच मुळाचे शब्द, त्यामुळे मराठी प्रतिशब्द जवळजवळ सख्खा भाऊच आहे. एक बारकावा मात्र लक्षात ठेवायला हवा. अज्ञेय म्हणजे जे कळूच शकत नाही ते. हक्स्लेचा दावा एवढा मोठा नव्हता. तो म्हणायचा की मला कळलेलं नाही, आणि पुराव्याशिवाय कळल्याचा आव मी आणणार नाही. त्याच्या लेखी ही श्रद्धा नव्हती, पद्धत होती.

मग नास्तिक वेगळा कसा? त्याच काळात इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक होता. १८८० मध्ये तो खासदार म्हणून निवडून आला, पण शपथेच्या वादामुळे त्याला रीतसर जागा मिळायला १८८६ उजाडलं. १८८९ मध्ये तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनालाही आला होता. त्याचं म्हणणं, देव म्हणजे नेमकं काय हेच कोणी नीट सांगत नाही, तर मी मानू कशाला? म्हणजे तोही आंधळा नकार देत नव्हता. मला समजलं ते असं, की इथे प्रश्नच दोन आहेत. तू देव मानतोस का, हा विश्वासाचा प्रश्न. त्याला नाही म्हणणारा नास्तिक. तुला ते कळलंय का, हा ज्ञानाचा प्रश्न. त्याला नाही म्हणणारा अज्ञेयवादी. एकच माणूस दोन्ही असू शकतो. आपल्याकडे तर घोळ आणखी वाढतो, कारण जुन्या दर्शनांत नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. तिथे ईश्वर न मानणारं सांख्य दर्शनही आस्तिकांतच मोजलं जातं!

अज्ञेयवादी म्हणजे कुंपणावर बसलेला, असा टोमणा हक्स्लेच्या हयातीतही मारला गेला. एका धर्मपंडिताने तर हे पाखंडी माणसाचंच सभ्य नाव ठरवलं. १८८९ मध्ये हक्स्लेने त्याला सणसणीत लेखी उत्तर दिलं. बायबलमधल्या चमत्कारांवरून तो माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनशीही भांडला. जिथे तपासता येतं तिथे तो तपासायचा आणि निकालही द्यायचा. जिथे साधन संपतं, तिथेच थांबायचा. आणि हाच माणूस लंडनच्या स्कूल बोर्डावर असताना शाळेत बायबल वाचायला ठेवा म्हणाला. फक्त त्यावर पंथाची शिकवण नको.

२९ जून १८९५ ला हक्स्ले गेला. त्याच्या बारा दिवस आधी, १७ जूनला, पुण्यात गोपाळ गणेश आगरकर गेले होते. मिल आणि हक्स्लेचा मित्र स्पेन्सर यांचे ग्रंथ आगरकरांनी मन लावून वाचले होते. त्यांना कोणी नास्तिक म्हणतं, कोणी अज्ञेयवादी. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी जे पटलं नाही ते पटलं असं ते म्हणाले नाहीत.

हक्स्लेला लंडनच्या फिंचली भागातल्या दफनभूमीत पुरलं, नोएलच्या शेजारी.

सेमिस्टर संपल्यावर मी घरी गेलो आणि आजीचा राहिलेला प्रश्न स्वतःच काढला. म्हटलं, आजी, आबा कुठे आहेत ते मला खरंच माहीत नाही. आठवण मात्र मलाही रोज येते. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मलाही कुठे माहीत आहे बाबा. मग आम्ही दोघं बराच वेळ आबांविषयी बोलत बसलो.

यंदा गणपतीत आरतीला मी खाली गेलो होतो. हात जोडले नाहीत, पण टाळ वाजवला. रूममेटने विचारलं, काय रे, आस्तिक झालास का? म्हटलं, नाही रे. बस, चहा पिऊ, मग सांगतो.