इंजिनाची टकटक थांबवली, पण जगाच्या हवेत शिसं सोडलं : थॉमस मिजलीची गोष्ट

खंबाटकीचा घाट. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान. चढाला गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू येते. मेकॅनिक साताऱ्याचा असो की सांगलीचा, आवाज ऐकून एकच सांगतो, इंजिन नॉक करतंय.

नव्या गाड्यांमध्ये ही टकटक फारशी ऐकू येत नाही. कारण इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला एक छोटा नॉक सेन्सर असतो. त्यातला स्फटिक इंजिनाची थरथर पकडतो आणि तिचा विजेचा सिग्नल करतो. सिग्नल मिळाला की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे इसीयू, ठिणगी जरा उशिरा टाकतो. टकटक थांबते, पण थोडी ताकदही जाते.

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना नेमकी हीच ताकद हवी असते. मग कुणी सेन्सरच्या सर्किटमधला फिल्टर बदलतो, तर कुणी सरळ रेझिस्टर लावून सगळं आलबेल असल्याचं इसीयूला भासवतो.

इंजिनाला असं गप्प करण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने जगभरासाठी केलं होतं. त्याची किंमत आपण सगळ्यांनी मोजली.

थॉमस मिजलीचा जन्म 18 मे 1889 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या बीव्हर फॉल्स गावचा. 1911 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. रसायनशास्त्र त्याचा विषयच नव्हता. 1916 मध्ये तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली कामाला लागला. गाडीला हँडल मारायची कटकट संपवणारा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बनवला तो हाच केटरिंग.

तेव्हा अडचण अशी होती की इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जितकं दाबाल, तितकी ताकद जास्त मिळते. पण फार दाबलं तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. तो धक्का म्हणजेच नॉकिंग. ते चालूच राहिलं तर पिस्टनला भोकही पडतं. त्यामुळे ताकदवान इंजिन बनवायची वाटच अडली होती.

मिजली आणि त्याचा सहकारी थॉमस बॉइड यांनी आधी ही टकटक मोजायचं साधन बनवलं. सिलिंडरला जोडलेल्या पातळ पडद्यावर एक पिन ठेवायची. नॉकिंग झालं की पिन उडते आणि विजेचं सर्किट जोडलं जातं. आजच्या नॉक सेन्सरचा हा पणजोबाच म्हणा.

मग औषधाचा शोध सुरू झाला. आयोडिन चाललं, पण ते महाग होतं. टेल्युरियमही चाललं, पण त्याचा उग्र वास माणसाच्या अंगाला चिकटून राहायचा. शेवटी 9 डिसेंबर 1921 ला टेट्राइथाइल लेड सापडलं. शिशाचं हे संयुग गॅलनभर पेट्रोलला अगदी थोडं पुरायचं.

पण त्याआधीच मिजलीच्या हाताशी दुसरा उपाय होता. तो म्हणजे अल्कोहोल, आपलं इथेनॉल. त्याच 1921 मध्ये त्याने 30 टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवून दाखवली होती. मग ते मागे का पडलं? एक म्हणजे ते बरंच जास्त मिसळावं लागायचं. दुसरं म्हणजे अल्कोहोल कुणीही गाळू शकतं, त्यावर एका कंपनीची मालकी सांगता येत नाही. शिशाच्या मिश्रणावर ती सांगता येत होती.

1923 मध्ये डेटनच्या पंपावर हे पेट्रोल विकायला आलं. नाव ठेवलं इथिल. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता. त्याच वर्षी इंडियानापोलिस 500 या रेसमध्ये पहिल्या तिन्ही गाड्या याच पेट्रोलवर धावल्या. ट्रॅकवर नाव झालं आणि गिऱ्हाईक धावत आलं.

पण शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. 1923 च्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली आणि काम सोडून विश्रांतीला जावं लागलं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत 5 कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. ओरड झाल्यावर मिजलीने पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर घेतलं, त्याचा वास घेतला आणि काही धोका नसल्याचं सांगितलं. स्वतः आजारी पडून आलेला माणूस हे करत होता.

पुढे त्याने फ्रिजसाठी फ्रिऑन वायू शोधला. तो विषारी नव्हता, पेटतही नव्हता. 1930 मध्ये त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. याच कुळातल्या वायूंनी ओझोनचा थर विरळ होतो हे 1974 मध्ये समोर आलं.

1940 मध्ये मिजलीला पोलिओ झाला. बिछान्यातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि पुली लावून स्वतःच यंत्र बनवलं. 2 नोव्हेंबर 1944 ला त्याच दोऱ्यांमध्ये गळा आवळून त्याचा जीव गेला. वय 55. तोवर त्याच्या नावावर मानाची पदकं होती, अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपदही होतं.

शिसं मात्र धुरातून हवेत येतच राहिलं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. भारतात शिसंवाल्या पेट्रोलची विक्री 2000 मध्ये थांबली. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जेरिया, तिथे ते 2021 मध्ये संपलं.

आणि आता गंमत बघा. मिजलीने बाजूला ठेवलेलं ते अल्कोहोल आज आपल्या उसातून येतंय. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल तयार होतं आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. त्याने ॲव्हरेज थोडं कमी होतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांची तक्रारही आहे. पण नॉकिंग रोखण्यात इथेनॉल पक्कं आहे आणि त्यात शिसं नाही.

राहिला प्रश्न ट्रॅकवरच्या गाडीचा. इंजिनाचे पार्ट बदलल्यावर साधी खडखडही सेन्सरला नॉकिंग वाटू शकते. अशा वेळी फिल्टर नीट जुळवणं वेगळं. पण रेझिस्टर लावल्याने नॉकिंग थांबत नाही, फक्त इसीयूला ते कळत नाही. मग पुढची बातमी पिस्टनला भोक पडल्यावरच येते.