एका हाताचा कॅप्टन

मॅक्झिम गॉर्कीची ‘आई’ आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी विशीच्या आतच वाचली. मीही वाचली, बँकेत चिकटण्याआधी. पण गॉर्कीला एक मानसपुत्र होता, आणि त्याने नाव काढले ते क्रांतीत नव्हे तर फ्रान्सच्या पलटणीत, हे मला निवृत्तीनंतर कळले. झिनोव्ही पेश्कोव्ह हे त्याचे नाव. कादंबरीत मी असे पात्र घातले असते तर अतिशयोक्ती म्हणून ते वाचकांनी हसण्यावारी नेले असते.

१८८४ साली निझ्नी नोव्हगोरोद या गावी एका ज्यू कोरीवकाम करणाऱ्याच्या घरी तो जन्मला. आडनाव स्वेर्दलोव्ह. घरातून निघून गॉर्कीच्या आसऱ्याला गेला, १९०२ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म घेतला, गॉर्की त्याचा धर्मपिता झाला आणि पेश्कोव्ह हे स्वतःचे खरे आडनाव त्याने या मुलाला दिले. बापाने म्हणे पोराला शाप दिला. त्याचा धाकटा भाऊ याकोव्ह मात्र बोल्शेविक झाला, लेनिनचा उजवा हात झाला. पुढे एका मोठ्या शहराला त्याचे नाव दिले गेले आणि १९९१ पर्यंत ते टिकले.

झिनोव्ही कॅनडा, अमेरिका फिरला, काप्री बेटावर गॉर्कीबरोबर राहिला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि तो फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये भरती झाला. १८३१ साली उभी केलेली ही परक्यांची पलटण. तेव्हा येणारा नाव सांगेल ते नाव, गाव सांगेल ते गाव धरले जाई. मागचे कोणी विचारत नसे. ९ मे १९१५ रोजी आरासच्या उत्तरेला जर्मन गोळीबारात त्याचा उजवा हात निकामी झाला आणि कापावा लागला.

इथे मला आमच्या शाखेतला एक खातेदार आठवतो. गिरणीत यंत्रात उजवा हात गेला होता. डाव्या हाताने नवी नमुना सही करायला आला. कार्डावर तीन सह्या लागत. तिन्ही तीन तऱ्हेच्या आल्या. मी कार्ड तसेच ठेवून घेतले आणि पैसे काढायला येईल तेव्हा माणूस ओळखायचा, असे कॅशियरला सांगून ठेवले. पेश्कोव्ह वयाच्या तिशीत डावखुरा झाला तो असाच कधीतरी पहिली सही गिरवत बसला असेल. पण तो पेन्शनीवर गेला नाही. फ्रेंच लष्करी कामगिऱ्यांवर क्रांतीच्या काळात रशियात गेला, सैबेरियात कोल्चाकच्या गोटात राहिला. तिकडे मॉस्कोत भाऊ बोल्शेविक सत्तेच्या शिखरावर, इकडे हा त्या सत्तेच्या शत्रूंबरोबर. याकोव्ह १९१९ मध्ये वारला.

मग आला मोरोक्को. माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्याचा गाभा इथे आहे.

वीसच्या दशकातली लीजन पाहावी तर तिच्यात जर्मन शिपाई ढिगाने होते. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणून ठेवले होते. उरलेल्यांना बंदुकीखेरीज दुसरा धंदा येत नव्हता. त्यात १९२३ च्या महागाईने पगाराचे कागद केले. ही माणसे पाच वर्षांचा करार करून चालू लागली ती थेट कालच्या शत्रूच्या छावणीत. खेरीज पराभूत झारवादी सैन्यातले रशियनही होते. आणि त्यांच्यापुढे कॅप्टन कोण? ज्याचा हात जर्मनांनी तोडला तो. कोटाची एक बाही रिकामी. दहा वर्षांपूर्वी यांतल्या कोणी त्याच्यावर नेम धरला असेलही. त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. पेश्कोव्हने आपल्या लीजनमधल्या आयुष्यावर पुस्तक लिहिले, त्यात या निनावी माणसांविषयी जिव्हाळा आहे. एवढे वाचले की वाटते, काय सुंदर गोष्ट! वैऱ्यांचा एक संसार झाला.

पण मी इथे थांबू शकत नाही. हा संसार थाटला कोणाच्या अंगणात? रिफच्या डोंगरातले बर्बर लोक अब्द-अल-करीमच्या नेतृत्वाखाली उठले होते. १९२१ मध्ये अनवाल येथे त्यांनी स्पेनच्या फौजेची दाणादाण उडवली. १९२५ च्या वसंतात ते फ्रेंच ठाण्यांवर येऊन आदळले, तेव्हा लीजन त्यांच्यावर सोडली गेली. ज्यांचा देश सुटला होता त्यांच्या हातून, ज्यांना आपला देश सोडायचा नव्हता त्यांना वाकवायचे काम करून घेतले गेले. लीजनमधून पळालेला क्लेम्स नावाचा एक जर्मन तर रिफी लोकांच्या बाजूने लढत होता. म्हणजे जर्मन दोन्हीकडे. १९२५ मध्येच पेश्कोव्हच्या डाव्या पायाला जखम झाली. मे १९२६ मध्ये फ्रान्स आणि स्पेनच्या संयुक्त सैन्यापुढे अब्द-अल-करीमने शस्त्रे ठेवली. त्याला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर धाडले.

कर्जाचा अर्ज पाहताना आम्ही जामीनदाराची मिळकत आधी पाहत असू. या परक्या शूरांना फ्रान्सने घर दिले हे खरे, पण तारण म्हणून डोंगर ठेवला रिफी लोकांचा. पेश्कोव्हसारख्या संवेदनशील माणसाला, गॉर्कीच्या घरी वाढलेल्याला हे टोचले नसेल? मला वाटते टोचले असावे, आणि शिस्तीने ते गिळले असावे. त्याला माफ करावे की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. माणूस म्हणून तो मला आवडतो, इतके मात्र खरे.

पुढचे भराभर सांगतो. रिफच्या युद्धात शेवटी फ्रेंच सूत्रे ज्याच्याकडे होती त्या मार्शल पेतांने १९४० मध्ये हिटलरपुढे मान तुकवली, तेव्हा पेश्कोव्हने ती तुकवली नाही. १९४१ मध्ये तो द गॉलच्या बाजूला गेला, जनरल झाला, चीनमध्ये फ्रान्सचा प्रतिनिधी झाला, युद्धानंतर जपानमध्ये मॅकार्थरकडे. १९६४ मध्ये द गॉलने माओच्या चीनला मान्यता दिली, तेव्हा ती बातमी तैवानात च्यांग कै-शेकच्या गळी उतरवायला ऐंशीच्या घरातल्या या म्हाताऱ्यालाच पाठवले!

२७ नोव्हेंबर १९६६ रोजी तो पॅरिसमध्ये गेला. अब्द-अल-करीम त्याच्या तीन वर्षे आधी कैरोत, मायदेशी परत न जाता. पॅरिसजवळच्या सेंट-जेनव्हिएव्ह-दे-ब्वा येथे परागंदा रशियनांची दफनभूमी आहे, तिथे पेश्कोव्हला पुरले. जनरल, राजदूत, गॉर्कीचा मुलगा, यांतले काहीच दगडावर नाही. नावाखाली हुद्दा आहे तो भरतीच्या दिवशीचा : लीजनचा शिपाई.