श्रीगाडगेमहाराज : खेड्यांचे सेवक

वऱ्हाडांतील लहान खेड्यांचें दुःख ज्यांनीं दुरून पाहिलें नाहीं, तर स्वतःच्या घरांत भोगलें, अशा थोर पुरुषांत श्रीगाडगेमहाराजांचें नांव अग्रभागीं येतें. आम्ही वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजा गांवचे, खेड्यांतच वाढलेलों. म्हणून हें चरित्र आम्हांस विशेष जवळचें वाटतें.

त्यांचें मूळ नांव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यांतील शेणगांव येथें, परीट कुळांत, २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडिलांस दारूचें व्यसन जडलें व त्यांतच त्यांचा अंत झाला. आई सखूबाई पोरक्या मुलास घेऊन मूर्तिजापुराजवळ दापुरें येथें माहेरीं गेली. तेथें डेबूजींनीं गुरें राखलीं, नांगर धरला, शेत पिकविलें. पुढें मामांची जमीन सावकाराच्या घशांत गेली. दारू माणूस नेते व कर्ज जमीन नेतें, हा धडा त्यांस कोणत्याहि शाळेनें दिला नाहीं; घरानेंच दिला.

मुलीच्या बारशास जातभाईंना मद्यमांसाचें जेवण घालण्याची रूढि होती. डेबूजींनीं ती मोडून गोड जेवण घातलें. लोक रुष्ट झाले, पण ते डगमगले नाहींत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, जवळ मातीचें गाडगें व हातांत खराटा, एवढाच त्यांचा संसार. गांवांत शिरतांच ते रस्ते व गटारें झाडूं लागत. काम झाल्यावांचून भाकरी घेत नसत. सायंकाळीं त्याच झाडलेल्या जागीं कीर्तन होई. श्रोत्यांस साध्या वऱ्हाडी बोलींत प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून, ते कर्ज, दारू, पशुबळी व शिवाशीव यांचें खरें रूप उघडें करीत. कोणी पायां पडूं लागल्यास त्यांस तें खपत नसे.

लोकांनीं दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या. ऋणमोचन येथें पूर्णा नदीवर घाट झाला. ज्यांस इतरत्र आसरा मिळत नसे, त्या अस्पृश्य यात्रेकरूंसाठीं पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली गेली. पुढें ती त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. इतकीं बांधकामें करूनहि स्वतःसाठीं त्यांनीं झोंपडीसुद्धां बांधली नाहीं.

२० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें, प्रवासांतच, त्यांनीं देह ठेवला. ज्यांस शाळा लाभली नाहीं, त्यांचें नांव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे, व आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे पदवीधर तेथूनच पदव्या घेतात. शासनानें त्यांच्या नांवें ग्रामस्वच्छता अभियानहि २००० सालीं आरंभिलें.

अभियानाच्या दिवसांत गांवें झळकतात. परंतु तपासणीची समिति येऊन गेली कीं उकिरडा पुन्हां जागच्या जागीं येतो, असें खेड्यांतून पुष्कळदां दिसतें. महाराजांनीं कोणत्याहि समितीची वाट पाहिली नाहीं, बक्षिसाचीहि नाहीं. विद्यार्थिबंधु-भगिनींनो, त्यांचा खरा स्मृतिदिन आपल्या दारापुढची वाट रोज सकाळीं झाडण्यांतच साजरा होईल, असें आम्हांस वाटतें.