सम्राट मिलिंद : हरण्याची तयारी असलेला राजा

मिलिंद हे नाव आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी आढळते. पण हा राजा वंशाने ग्रीक होता, हे अनेक तरुणांना माहीत नसते. त्याचे मूळ नाव मिनँडर.

इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्याने वायव्य भारतावर राज्य केले. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथानुसार त्याचा जन्म अलसंद प्रदेशातील कलसी गावी झाला. राजधानी होती सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. ग्रीक घराणी आपसांत लढत असताना त्याला राज्य उभे करावे आणि टिकवावे लागले. परक्या भूमीत तो परका राहिला नाही. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत इथली प्राकृत भाषा आहे. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही दिसते.

रणांगणाइतकाच त्याचा दुसरा संघर्ष मोठा होता. त्याला शंका पडत आणि कोणाच्याही उत्तराने समाधान होत नसे. ग्रंथ सांगतो की, त्याच्या प्रश्नांपुढे टिकाव न लागल्याने बारा वर्षे सागल नगरी पंडितांविना ओस पडली होती. भदन्त आयुपालही निरुत्तर झाले. मग भदन्त नागसेन आले.

राजा रथातून त्यांच्या भेटीला गेला. नागसेनांनी त्याच रथाचा दाखला घेतला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजेही रथ नव्हे. सारे भाग जुळले की त्याला आपण रथ हे नाव देतो. माणसाचेही तसेच, आत वेगळा कायमचा आत्मा नाही. राजाने हे मोकळेपणाने मान्य केले.

पुढील चर्चेसाठी नागसेनांनी अट घातली. पंडितांच्या वादात चूक दाखवली तरी कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र विरोध करणाऱ्याला दंड होतो. चर्चा पंडितांसारखी होणार असेल तरच बोलू. मिलिंदाने अट स्वीकारली. हाती दंड असताना तो बाजूला ठेवणे, हा त्याचा सर्वांत मोठा विजय.

ग्रंथाच्या अखेरीस तो मुलाला राज्य सोपवून भिक्खू होतो. ग्रीक लेखक प्लुटार्क मात्र सांगतो की, तो लष्करी छावणीत वारला आणि त्याच्या अस्थी नगरांनी समान वाटून घेऊन स्मारके उभारली. तथागतांच्या अस्थींची वाटणी इथे सहज आठवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते, तर त्याचा परिसर नागसेनवन म्हणून. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही तिथे शेजारी आहेत.

आपल्या बैठकीत एखादा तरुण अडचणीचा प्रश्न विचारतो, तेव्हा आपण त्याला बोलू देतो की खाली बसवतो? मुलाचे नाव मिलिंद ठेवणे सोपे आहे. त्याला मिलिंदासारखे विचारू देणे, हे आपले काम आहे.