महाराणी येसूबाई

इ. स. १६८९ च्या प्रारंभी स्वराज्यावर मोठे संकट कोसळले. छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी औरंगजेबाच्या आज्ञेने त्यांचा वध झाला. त्याच महिन्यात मोगल फौजेने रायगडास वेढा घातला. त्या वेळी गडावर महाराणी येसूबाई, त्यांचा अवघ्या सहा-सात वर्षांचा पुत्र शाहू आणि तरुण दीर राजाराम होते.

येसूबाई ह्या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. संभाजी महाराज मोहिमेवर असता त्या स्वतःच्या शिक्क्याने राज्याचा कारभार पाहत. त्यामुळे राजकारण त्यांस नवे नव्हते. पतीच्या निधनाचे दुःख ताजे असतानाच त्यांच्यापुढे बिकट प्रश्न उभा राहिला. गादीवर हक्क शाहूचा होता. परंतु शत्रूच्या वेढ्यात अडकलेला बालराजा राज्य कसे राखणार? पोटच्या मुलाचा हक्क बाजूस ठेवून त्यांनी राजारामास पुढे केले. राजकुटुंब एकाच गडावर राहिले तर सारेच शत्रूच्या हाती पडतील, हे ओळखून त्यांस बाहेर पडण्याचा सल्ला दिला. स्वतः मात्र त्या लहानग्या शाहूस घेऊन गडावरच राहिल्या. ५ एप्रिल रोजी राजाराम निसटले व पुढे दूर दक्षिणेत जिंजीस पोचले. रायगडाने नोव्हेंबरपर्यंत टिकाव धरला. मग तो पडला, आणि मायलेक बादशहाचे बंदी झाले.

हा तुरुंग दगडी भिंतींचा नव्हता. बादशहाची छावणी म्हणजे तंबूंचे चालते शहरच. ती ज्या मुक्कामी जाई तेथे कैद्यांनाही जावे लागे. भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस तर हा तळ १६९५ पासून चार वर्षे होता. शाहूस राजा ही पदवी व सात हजारांची मनसब मिळाली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने या मायलेकांवर माया केली, हेही सांगितलेच पाहिजे. पण मानाची कैद झाली तरी ती कैदच. पैशाची इतकी ओढाताण होई, की येसूबाईंस चिंचवडच्या देवांकडे पत्राने आपली अडचण कळवावी लागली. सभोवती परके लोक, परकी भाषा आणि पहारा. अशा जागी त्यांनी मुलास लहानाचे मोठे केले. शाहूचे विवाहही छावणीतच झाले.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मरण पावला. मराठवाड्यातील खुलदाबाद येथे त्याचे दफन झाले. त्याचा पुत्र आजमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला, तेव्हा त्याने कैद्यांनाही बरोबर नेले. भोपाळजवळ दोराहा येथे मे महिन्यात शाहूची सुटका झाली. सुटका झाली ती एकट्याची! तो मोगलांशी इमानाने वागावा म्हणून आई व कुटुंबातील काही माणसे ओलीस ठेवण्यात आली. अठरा वर्षे ज्या मुलास सावलीसारखे जपले, तो दक्षिणेकडे निघाला आणि माता दिल्लीच्या वाटेस लागली. पुढे १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. तो पाहणे येसूबाईंच्या नशिबी नव्हते.

दिल्लीत त्यांनी आणखी बारा वर्षे काढली. बादशहांमागून बादशहा आले आणि गेले. पहारा तोच राहिला. अखेर १७१८ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी सय्यद हुसेन अली याच्याशी तह ठरविला. त्यात चौथाई व सरदेशमुखी यांच्या जोडीस मातुःश्रींच्या सुटकेचे कलम होते. मराठी फौज दिल्लीस गेली. फेब्रुवारी १७१९ मध्ये शहरात दंगल उसळून सुमारे दीड हजार मराठे रस्त्यांतच मारले गेले. तरीही पेशव्यांनी सनदा पदरात पाडून घेतल्या आणि येसूबाईंसह परतीची वाट धरली.

जुलै १७१९ मध्ये त्या साताऱ्यास पोचल्या. रायगड सोडताना बोटाला धरलेला बालक आता सदतीस वर्षांचा छत्रपती झाला होता. पण ज्या गडावरून त्या बंदी होऊन निघाल्या, तो रायगड अजून सिद्दीकडेच होता. १७३३ साली तो पुन्हा मराठ्यांच्या हाती आला.