डॉ. विल्यम केरी ह्यांची चिकाटी

एखाद्या गावी पाच-सहा वर्षे शुभवर्तमान सांगितले, आजाऱ्यांस औषध दिले, मुलांस अक्षरओळख करून दिली, आणि तरीही एकही घर प्रभूकडे वळले नाही, म्हणजे उपदेशकाचे मन खचते. मंडळीतील माणसे कुजबुजू लागतात; आणि पुष्कळदा त्याच्या घरचे माणूसच त्यास विचारते की, आपण येथे कशासाठी राहिलो आहो? अशा बंधुभगिनींपुढे आज आम्ही डॉ. विल्यम केरी ह्यांचे चरित्र ठेवीत आहो. त्यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु ते नाव घेताना आपण त्यांची मोठमोठी कामे मोजतो, आणि त्या कामांपूर्वीची कोरडी वर्षे विसरतो. आम्हांस ती कोरडी वर्षेच अधिक महत्त्वाची वाटतात.

केरी ह्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप हातमागावर कापड विणीत असे. पुढे तो गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलास झाडापाल्याचा, किड्यांचा व पाखरांचा मोठा नाद. परंतु उन्हात काम केले की त्याच्या कातडीस पीडा होई, म्हणून शेतकामाचा विचार सोडून चौदाव्या वर्षी त्यास पिडिंग्टन येथील एका जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेविले. ज्या धंद्याकडे आपल्या देशात लोकांनी शतकानुशतके नाक मुरडले, त्याच धंद्याच्या आरीने व दोऱ्याने ह्या मनुष्याचे हात तयार झाले, हे आमच्या कित्येक वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते मोठ्या मानास चढले असता एका मेजवानीत कोणा लष्करी अंमलदाराने त्यांच्या ह्या पूर्वीच्या धंद्याविषयी कुजकेपणाने पृच्छा केली. तेव्हा केरी ह्यांनी उत्तर दिले की, आपण जोडे करणारेही नव्हतो, केवळ फाटके जोडे सांधणारे होतो.

त्या दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा एक उमेदवार होता. तो प्रार्थनाशील होता. केरी मात्र वादात त्यास हरवून आनंद मानीत. परंतु त्याच सुमारास एक लहानशी गोष्ट घडली. नाताळात एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने थट्टेने केरी ह्यांस एक खोटा शिलिंग बक्षीस दिला. धन्याच्या पैशांत तो मिसळून त्याचा खरा शिलिंग आपण घ्यावा, आणि खोटा धन्याच्याच नाण्यांत आला असे सांगावे, असा बेत त्यांनी केला. इतकेच नव्हे, तर हे खोटे पचावे म्हणून वाटेत त्यांनी देवाची प्रार्थनाही केली. ते पचले नाही. गोष्ट उघडकीस आली, आणि लाजेने त्यांस रस्त्याने चालणेही कठीण झाले. आपण किती पापी आहो हे त्यांस त्या खोट्या नाण्याने शिकविले. 5 ऑक्टोबर 1783 रोजी नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्यानंतर मोल्टन येथे ते पाळक झाले. शाळा चालवीत व जोडेही शिवीत, कारण पाळकाच्या वेतनात घर चालत नसे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू ह्या भाषा त्यांनी कामाच्या बाकावरच बसून शिकल्या. भिंतीवर त्यांनी हाताने केलेला जगाचा नकाशा लाविला होता, आणि कोणत्या देशात किती लोक व कोणता धर्म, हे त्यावर लिहून ठेविले होते. 1792 साली त्यांनी परदेशी सुवार्ता पाठविणे हे ख्रिस्ती लोकांचे कर्तव्य आहे असे प्रतिपादणारे एक लहान पुस्तक छापले, आणि त्याच वर्षी 30 मे रोजी नॉटिंगहॅम येथे यशयाच्या 54 व्या अध्यायावर उपदेश केला. 2 ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी एका विधवेच्या घरात मूठभर पाळक जमले व त्यांनी मिशनरी सोसायटी स्थापिली. त्या दिवशी तिच्या नावे 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स एवढीच वर्गणी लिहिली गेली. आमच्या एखाद्या तालुक्याची मंडळीही कापणीच्या सणास ह्याहून मोठ्या आशेने थाळी फिरविते!

आता येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. केरी ह्यांची पत्नी डोरोथी हिला लिहितावाचता येत नव्हते. हिंदुस्थानात जाण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती. ती बाळंतपणास टेकलेली असताना नवरा निघण्याची तयारी करू लागला. पहिले जहाज काही अडचणींमुळे हुकले, तेव्हा तीन आठवड्यांचे तान्हे मूल कडेवर घेऊन व बहिणीस सोबत घेऊन ती नाइलाजाने निघाली. चार मुले, दोन बायका, केरी, आणि डॉक्टर जॉन थॉमस व त्यांचे कुटुंब अशी ही मंडळी 13 जून 1793 रोजी एका डॅनिश जहाजातून निघाली व 11 नोव्हेंबर रोजी कलकत्त्यास पोचली. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात मिशनऱ्यांस परवानगी नव्हती. डॉ. थॉमस मनाचे प्रेमळ, पण पैशाच्या बाबतीत अगदीच गचाळ; सोबत आणलेला पैसा लवकरच संपला. मग हे कुटुंब सुंदरबनाच्या रानात जाऊन राहिले, व तेथून 1794 साली जॉर्ज उडनी नावाच्या भल्या गृहस्थाच्या नीळ-कारखान्यावर कारभारी म्हणून मदनाबाटी येथे गेले. पगार मिळू लागताच केरी ह्यांनी सोसायटीस लिहिले की, आपणांस आता मदत पाठवू नये, ती दुसऱ्या क्षेत्रात खर्चावी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने वारला. जातीच्या भयाने पेटी करावयास कोणी सुतार मिळेना, खड्डा खणावयास कोणी येईना, व प्रेत उचलावयास कोणी हात लावीना. स्वतः केरी तापाने अंथरुणास खिळलेले होते. शेवटी चार मुसलमानांनी खड्डा खणला, आणि त्याबद्दल त्यांच्या लोकांनी त्यांस वाळीत टाकिले. आपल्या गावात ज्यांस मूठमातीसाठी जागा नाकारली गेली, अशा मंडळींस ह्या दिवसाविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

ह्या दुःखानंतर डोरोथीचे मन बिघडले, आणि ते पुन्हा ताळ्यावर आले नाही. नवऱ्यावर ती भलते संशय घेई. कधी ओरडे, कधी अंगावर धावून जाई. शेवटी तिला खोलीत बंद ठेवावे लागे. अशी बारा वर्षे गेली, आणि 1807 च्या डिसेंबरात ती मरण पावली. शेजारच्या खोलीतून तिचा आक्रोश ऐकू येत असता केरी देवाच्या वचनाचे भाषांतर करीत बसत. कित्येक चरित्रकार हे केवळ त्यांच्या सहनशीलतेचे उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस मात्र वाटते की, जिने हे पाचारण स्वतः ऐकलेच नव्हते, तिनेही त्याची किंमत भरली. आणि हे विसरून केवळ नवऱ्याची स्तुती करणे योग्य नाही. तथापि केरी ह्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्याचे नाकारून शेवटपर्यंत घरीच सांभाळिले, हेही खरे आहे.

मदनाबाटीस ते दिवसा कारखाना पाहात, खेडोपाडी फिरत, बंगालीत उपदेश करीत, आणि रात्री बंगाली व संस्कृत शिकून नव्या कराराचे भाषांतर करीत. छापण्याचे एक लाकडी यंत्र आणिले, तेव्हा हा साहेबांचा देव असावा असे गावकऱ्यांस वाटले म्हणून सांगतात. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. एकाही हिंदी मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नाही. ऐकणारे पुष्कळ असत, होय म्हणणारेही असत, पण जात सोडण्याची वेळ आली की ते दिसेनासे होत. केरी ह्यांच्या पत्रांतून निराशा डोकावते. आपले अंतःकरण थंड आहे अशी तक्रार ते वारंवार करितात. ते काही सदा हसतमुख असलेले संत नव्हते. परंतु उद्याचे काम त्यांनी कधी उद्यावर टाकिले नाही.

1799 च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड व इतर सोबती विलायतेहून आले. कंपनीच्या राज्यात थारा मिळेना म्हणून ते हुगळी नदीच्या काठी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असलेल्या श्रीरामपुरास उतरले. (हे श्रीरामपूर बंगालचे, आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील नव्हे.) 10 जानेवारी 1800 रोजी केरीही तेथे आले. परंतु हे नवे बळही लवकर ओसरू लागले. ग्रँट काही आठवड्यांतच वारले; दोन वर्षांच्या आत फाउंटन, ब्रन्सडन व डॉ. थॉमसही गेले.

त्यापूर्वी मात्र डॉ. थॉमस ह्यांच्या हातून एक काम झाले. 1800 च्या नोव्हेंबरात कृष्ण पाल नावाचा एक सुतार नदीवर घसरून पडला व त्याचा हात खांद्यातून निखळला. डॉ. थॉमस ह्यांनी तो बसविला, व बसविता बसविता त्यास तारणाऱ्याविषयी सांगितले. कृष्ण पुन्हा पुन्हा येऊ लागला. डिसेंबरात त्याने व त्याचा मित्र गोकुळ ह्याने मिशनऱ्यांबरोबर एका मेजावर बसून उघडपणे जेवण केले. लोक खवळले, मोठ्या जमावाने त्यांस ओढीत न्यायाधीशापुढे नेले, पण डॅनिश अधिकाऱ्याने त्यांस निर्दोष सोडिले. 28 डिसेंबर 1800 रोजी केरी ह्यांनी हुगळी नदीत प्रथम आपला पुत्र फेलिक्स ह्यास व मागून कृष्ण पाल ह्यास बाप्तिस्मा दिला. डॅनिश गव्हर्नर बी साहेबांस ते पाहून अश्रू आवरेनात. सात वर्षांनी हे पहिले कणीस हाती आले होते. त्या दिवशीही आनंद पुरता नव्हता: एका खोलीत डोरोथी कोंडलेली होती, आणि इतक्या वर्षांची आशा फळास आल्याचे पाहून डॉ. थॉमस हर्षाने भ्रमिष्ट झाले होते, म्हणून त्यांसही दुसऱ्या खोलीत ठेवावे लागले होते.

त्यानंतर 1803 साली कृष्ण सुताराच्या मुलीचे लग्न कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी लागले, आणि लग्नाचे जेवण सर्वांनी एकत्र केले. आमच्या मंडळ्यांत अजूनही मुलीचे स्थळ पाहताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. तेव्हा दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे लग्न आम्ही मुद्दाम येथे नमूद करितो.

1801 साली बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी ह्यांस बंगाली शिकविण्यास नेमिले. पुढे संस्कृत व मराठीही त्यांच्याकडे आली. पगाराचा बहुतेक भाग ते मिशनास देत. आपल्या मराठीशी त्यांचा संबंध येथूनच जडला. वैद्यनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी 1805 साली मराठी व्याकरण व मत्तयकृत शुभवर्तमान, 1810 साली मराठी-इंग्रजी कोश, व 1811 साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला. मराठी मुलूख त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नाही. त्या भाषांतराची मराठी नागपूरकडील वळणाची होती. देशावर व कोकणात ती नीट समजेना, म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर करून 1826 साली मुंबईस नवा करार छापविला. केरी ह्यांची इतर कित्येक भाषांतील भाषांतरेही अशीच मागे पडली. ती कच्ची आहेत हे त्यांस ठाऊक होते, आणि ते स्वतःच एकामागून एक आवृत्ती सुधारीत राहात. आमच्या मते ही चिकाटी पहिल्या सात वर्षांच्या चिकाटीहून कठीण आहे. फळ येत नसता काम करणे एक, आणि आपले काम उद्या कोणी बाजूस ठेवील हे जाणूनही ते नीट करणे दुसरे.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागदाचे ढीग, चौदा भाषांचे खिळे, कित्येक वर्षांची हस्तलिखिते, आणि अनेक भाषांचा एक मोठा कोश, ज्यावर केरी ह्यांनी अतोनात श्रम केले होते, हे सर्व जळाले. केरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन ह्यांनी जाऊन त्यांस ही बातमी सांगितली. परत येऊन त्यांनी राखेचे ढिगारे पाहिले, व त्यांचे डोळे भरून आले. परंतु राखेखाली खिळे पाडण्याचे पोलादी ठसे व साचे शाबूत सापडले, आणि छापण्याची यंत्रे बाजूच्या जागेत असल्याने वाचली होती. वॉर्ड ह्यांनी वितळलेले शिसे गोळा करून लागलीच नवे खिळे ओतविण्यास आरंभ केला. विलायतेस बातमी पोचल्यावर दोन महिन्यांच्या आत तेथील मंडळ्यांनी सुमारे दहा हजार पौंडांची भरपाई केली. केरी ह्यांचे तेव्हा पन्नाशीचे वय. जळालेली पाने त्यांनी पुन्हा लिहावयास घेतली. एकच वाट दुसऱ्यांदा चालताना पाऊल अधिक सावधपणे पडते असे ते म्हणत.

त्यापुढील गोष्टी थोडक्यात सांगतो. 1818 साली श्रीरामपूर कॉलेज निघाले, व 1827 साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. आमच्या महाराष्ट्रातील कित्येक पाळकांच्या पदवीपत्रावर आजही श्रीरामपूरचे नाव आहे. 1829 च्या डिसेंबरात सतीबंदीचा हुकूम बंगालीत उतरविण्यासाठी त्यांच्याकडे रविवारी सकाळी आला. एका दिवसाच्या उशिरानेही कोणी विधवा जळेल म्हणून त्यांनी उपदेशास दुसऱ्यास पाठविले व संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. दुःखेही थांबली नाहीत. दुसरी पत्नी शार्लट 1821 साली, व थोरला पुत्र फेलिक्स 1822 साली गेला. 1823 साली पाय दुखावून ते अंथरुणावर असता पुराने त्यांची आवडती बाग वाहून नेली. 1827 साली विलायतेच्या सोसायटीशीच त्यांचा संबंध तुटला. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या व मिशनाचा पैसाही त्यांबरोबर गेला. बाग त्यांनी पुन्हा लाविली.

1832 साली बंगाली पवित्र शास्त्राची शेवटची सुधारणा त्यांनी हातावेगळी केली. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. 9 जून 1834 रोजी पहाटे श्रीरामपुरास त्यांनी प्राण सोडिला. आपली मोठाली कामे थडग्यावर लिहू नयेत असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. नाव, जन्ममरणाचे दिवस आणि आयझॅक वॉट्सच्या गीतातील पापी मनुष्याच्या शरणागतीच्या दोन ओळी, एवढेच त्या दगडावर आहे. ज्या दफनभूमीत डोरोथीला ठेविले होते, तेथेच त्यांसही ठेविले.