लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे

आपल्या घरात बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, मिक्सर चालतो. ही वीज ज्या तत्त्वावर तयार होते ते शोधून काढणारा माणूस शाळेत टिकला नव्हता, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. त्याची हकीकत आज सांगावीशी वाटते. कारण वर्गात मागे पडणारे, ‘ढ’ म्हणून हिणवले जाणारे मूल आपल्या प्रत्येक आळीत एखादे तरी असतेच.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत, पण त्यांची प्रकृती नेहमी नादुरुस्त. आई मार्गारेट हिच्यावर चार मुलांच्या संसाराचा भार. 1801 साली धान्य फार महागले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला सात दिवस पुरवावा लागे.

शाळेतही सुख नव्हते. त्याला ‘र’ नीट म्हणता येत नसे. थोरल्या भावाचे रॉबर्ट हे नाव तो ‘वॉबर्ट’ असे उच्चारी. बाईंना वाटे, हा हट्टीपणा आहे. एके दिवशी त्यांनी रॉबर्टलाच पैसे देऊन छडी विकत आणायला पाठवले. त्या छडीने मायकेलला बडवायचे होते. रॉबर्टने ते नाणे भिंतीपलीकडे फेकून दिले आणि घरी येऊन आईला सारे सांगितले, अशी गोष्ट सांगतात. आईने दोन्ही मुलांना त्या शाळेतून काढले. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब, एवढीच काय ती मायकेलच्या शाळेची शिदोरी.

वयाच्या चौदाव्या वर्षी, 1805 साली, तो रीबो नावाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचू लागला. जेन मार्सेट या बाईंनी खास स्त्रियांसाठी सोप्या संभाषणांतून रसायनशास्त्र लिहिले होते. ते वाचून त्याला या विषयाची गोडी लागली. पुढे मोठेपणीही ते या बाईंचे उपकार विसरले नाहीत. शास्त्रावरची व्याख्याने ऐकायला एक शिलिंग पडे. तो शिलिंग कोण देई? तोच लोहारकाम करणारा रॉबर्ट.

1812 साली एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने सारे टिपून घेतले, आकृत्या काढल्या, स्वतः वही बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. मार्च 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची जागा मिळाली. पगार आठवड्याला 25 शिलिंग आणि राहायला माडीवर दोन खोल्या.

फॅरेडे मोठे झाले म्हणून अडचणी संपल्या नाहीत. स्मरणशक्तीने त्यांना जन्मभर दगा दिला. विरामचिन्हे चुकत. गणित तर जवळजवळ येतच नव्हते. पण प्रत्येक उणिवेला त्यांनी काहीतरी तोड काढली. आठवत नाही म्हणून प्रत्येक प्रयोग लिहून ठेवला आणि परिच्छेदांना ओळीने क्रमांक घातले. ते 16,000 च्या वर गेले. लिखाण एका मित्राकडून तपासून घेतले. बोलण्यासाठी शिक्षक लावला. व्याख्यानात घाई होऊ लागली की मदतनीस समोर ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड ठेवी. आणि गणिताच्या जागी त्यांनी डोळ्यांपुढे चित्रे उभी केली. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात, त्यांवरून चुंबकाचे बळ कसे पसरते ते त्यांना दिसले.

29 ऑगस्ट 1831 रोजी त्यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद होताच दुसऱ्यात क्षणभर वीज आली. आपल्या चौकातला ट्रान्सफॉर्मर हा त्याच कड्याचा वंशज. पुढे ऑक्टोबरात वेटोळ्यात चुंबक हलवून त्यांनी वीज निर्माण केली. कोयनेच्या वीजगृहात पाण्याच्या जोराने यंत्रे फिरतात आणि वीज होते, ती याच तत्त्वावर. त्यांच्या रेषांना गणिताचे रूप मागाहून मॅक्सवेल या तरुण शास्त्रज्ञाने दिले.

1821 साली त्यांचा विवाह सारा बार्नर्ड यांच्याशी झाला. मूलबाळ नव्हते, पण मुलांसाठी नाताळात त्यांनी एकोणीस वर्षे व्याख्यानमाला दिल्या. साधी मेणबत्ती घेऊन ते सारे रसायनशास्त्र समजावीत. सरकारचा ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. 25 ऑगस्ट 1867 रोजी त्यांचे देहावसान झाले.

फॅरेडे यांची त्या काळी कोणी तपासणी केली नव्हती, तेव्हा त्यांच्यावर आज एखाद्या दोषाचे नाव चिकटवणे बरे नव्हे. पण बुद्धी चांगली असून वाचन, लेखन वा गणित काही मुलांना जड जाते, हे आता डॉक्टर मान्य करतात. 2016 सालच्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातही अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. तपासणी करून दाखला मिळाला, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात.

प्रत्येक मूल फॅरेडे होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. परंतु अक्षरे उलटी काढणाऱ्या, पाढे विसरणाऱ्या मुलाला आळशी ठरवून बदडण्याआधी त्याला तपासून घ्यावे, आणि त्याला काय येते तेही पाहावे. मार्गारेटबाईंना शास्त्र ठाऊक नव्हते. आपल्या मुलावर अन्याय होतो आहे एवढे त्यांना कळले, आणि त्या मुलाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. एवढे तर आपल्यापैकी कोणालाही करता येईल.